खालची ओळ वाचायची राहिली

मॅडम,

तुमचा शेवटचा मेसेज मी पूर्ण वाचला नव्हता. वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहायची असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून आधी हेच सांगतो. त्या शनिवारी तुम्ही पाठवलेल्या लांबलचक मेसेजच्या वरच्या चार ओळी मी वाचल्या, 'ओके मॅडम, मिळालं' असं लिहून पुढे एक अंगठा टाकला आणि फोन खिशात ठेवला. सोमवारी तुमचं ऑपरेशन होतं हे मला गुरुवारी कळलं. तोवर तुम्ही गेल्या होतात.

माझा तो अंगठा तुम्हाला दिसला असणार. तो बघून तुम्हाला काय वाटलं असेल, या एका प्रश्नाने मला पुरतं धरून ठेवलं होतं. भास्करने सगळं वाचलं आणि ऑपरेशनच्या बातमीला नुसता अंगठा दाखवला, असं समजून तुम्ही गेलात की काय? ऑफिसात तुमच्या टेबलाशेजारीच माझं टेबल. दिवसातून दहा वेळा मान तिकडे वळायची आणि हाच प्रश्न समोर यायचा.

साहेबांनी सगळ्या ग्राहकांना कळवायला पत्र लिहायला सांगितलं. तीन ओळींत लिहिलं आणि पाठवलं. त्या तीन ओळींत जे बसत नव्हतं ते इथे लिहितोय.

आपली पहिली भेट आठवते का? मी पावणे गावातल्या आपल्या कारखान्यात अर्ज घेऊन आलो होतो. पंपातून पाणी गळू नये म्हणून आत बसवायचे सील इथे बनतात, एवढंही मला माहीत नव्हतं. जिंतूरहून बीकॉम होऊन आलो होतो आणि वाशीच्या एका क्लासमध्ये व्यावसायिक पत्रलेखन शिकत होतो. क्लासने स्पायरल बाइंडिंगचं एक पुस्तक दिलं होतं. त्यात चाळीस नियम होते आणि मला ते चाळीसच्या चाळीस पाठ होते. अर्ज त्या नियमांनी लिहिलेला, दोन पानी, हाताने. तुम्ही तो वाचून खाली ठेवलात आणि विचारलंत, "यात तू कुठं हायस?"

तुम्ही दुसऱ्या पानावर बोट ठेवलंत. तिथे मी एक ओळ लिहून खोडली होती. खोडली तरी वाचता येत होती : 'माझे वडील एसटी डेपोत गाड्या धुतात आणि तिथल्या सर्वांचे अर्ज मी लिहून देतो.'

"ही का खोडलीस?"

"मॅडम, पुस्तकात आहे. व्यावसायिक पत्रात घरचं लिहू नये."

"किती अर्ज लिहिलेस असे?"

"मोजले नाहीत. रजेचे, बदलीचे, मेडिकलचे. दहावीपासून लिहितोय."

"मंजूर व्हायचे का?"

"बरेचसे."

"मग बाबा, तुझी सगळी लायकी तू खोडून आनलीस माझ्यासमोर."

साहेबांना तुम्ही आत जाऊन काय सांगितलंत ते मला आजवर माहीत नाही. बाहेर येऊन म्हणालात, सोमवारपासून ये. माझ्या घरात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. त्या खोडलेल्या ओळीवर ती खुर्ची मला मिळाली, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. पुस्तकाप्रमाणे आभाराचं एक पत्र मात्र लिहिलं होतं : 'आपण दाखविलेल्या विश्वासाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यात येत आहे.' तुम्ही ते वाचून म्हणालात, "कोन व्यक्त करतंय? तू, का तहसीलदार?"

पहिलं वर्षभर आपलं भांडणच चाललं. मला वाटायचं की अवघड शब्द म्हणजे मान. सोपं लिहिलं तर समोरच्याला वाटेल, हा शिकलेला नाही. आमच्याकडे गावात ज्याचं कुणाला कळत नाही तोच विद्वान. गेटसमोरच्या खड्ड्यासाठी मी अर्ज लिहिला, 'उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन करण्यात येते की सदर ठिकाणी' वगैरे. तुम्ही तो घेऊन सरळ कँटीनमध्ये गेलात. चहा करणाऱ्या शेवंतामावशीसमोर उभं राहून खणखणीत आवाजात वाचलात आणि विचारलंत, "मावशी, काय समजलं?"

मावशी म्हणाल्या, "कुणीतरी लई मोठा माणूस गेला वाटतं."

तेव्हापासून ती पद्धतच पडली. बाहेर जाणारं प्रत्येक महत्त्वाचं पत्र आधी मावशींना वाचून दाखवायचं. इंग्रजी असेल तर मराठीत सांगायचं. कुणी, काय, कधीपर्यंत करायचं हे मावशींना समजलं तर पत्र जाणार, नाही तर टेबलावर परत. नवीन आलेले इंजिनिअर हसायचे. मीही मनातून हसत होतो. मग त्या ग्राहकाचं पत्र झालं.

एका जुन्या ग्राहकाकडचे मोठे शेठ वारले होते. त्यांच्या मुलाला सांत्वनाचं पत्र मी लिहिलं, चांगलं लिहिलं असं मला वाटत होतं. पण शेवटचा परिच्छेद आपल्या नेहमीच्या नमुन्यातून तसाच उतरला होता. मावशींनी भांडं घासता घासता ऐकलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मेलेल्या माणसाकडून ऑर्डर मागताय होय?" मी कागद बघितला. शेवटी खरंच लिहिलं होतं, 'आपल्या मोलाच्या ऑर्डरच्या प्रतीक्षेत.'

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "नमुना वापर, नको कोन म्हनतोय. पन नमुन्याला माहीत नसतं रे, कोन मेलंय ते."

असं असलं तरी मॅडम, सगळं तुमचंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. खोटं कौतुक तुम्हाला आवडायचं नाही. पत्र एका पानातच बसलं पाहिजे हा तुमचा हट्ट होता, आणि तोही माझ्या पुस्तकातल्या नियमांइतकाच अडाणी होता. पान भरलं की तुम्ही मजकूर कापायचा नाहीत, अक्षर बारीक करायचात. एका ग्राहकाने फोन करून विचारलं होतं, तुमच्या पत्राबरोबर भिंग पाठवता का म्हणून. ईमेलची प्रत काढून फाइलला लावल्याशिवाय तो गेला असं तुम्हाला वाटायचं नाही. ऑफिसच्या पत्रात उद्गारचिन्ह दिसलं की तुमचं डोकं फिरायचं, आणि सकाळी सातला तुमच्याकडून मला येणाऱ्या सुप्रभातमध्ये गुलाबाची सहा फुलं असायची. हे मी तोंडावर बोललो होतो. "ते ऑफिस न्हाय," एवढंच उत्तर मिळालं होतं.

पण आपलं खरं भांडण एकच होतं, आणि ते अर्धवट राहिलं.

पुस्तकातला अकरावा नियम : वाईट बातमी कधीही सुरुवातीला देऊ नये. आधी आभार, मग जुने संबंध, मग कारण, आणि शेवटी बातमी, तीही मऊ शब्दांत. मला हा नियम चाळिसांत सगळ्यात माणुसकीचा वाटायचा. एकदा आपला एक लॉट प्रेशर टेस्टमध्ये नापास झाला. माल दोन आठवडे उशिरा जाणार होता. कोल्हापूरकडच्या ग्राहकाला कळवायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात, मावशींना वाचून दाखवायचा मी कंटाळा केला आणि अकराव्या नियमाने पत्र पाठवलं. चौथ्या परिच्छेदात कुठेतरी लिहिलं होतं की माल ठरलेल्या तारखेला तयार नसेल.

ठरलेल्या तारखेला त्यांचा टेम्पो गेटवर उभा.

ड्रायव्हर माणूस हसतमुख. मला म्हणाला, "साहेब, पत्र मिळालं तुमचं. आमच्या स्टोअरवाल्यानं वाचलं, खूश झाला. म्हणला, लई गोड लिहितात ही माणसं, जा, माल भरून आण."

तुम्ही मला ओरडला नाहीत. "तूच सांग त्याला," एवढंच म्हणालात. मी त्या माणसाला कँटीनमध्ये बसवून जेवायला घातलं आणि रिकाम्या टेम्पोने परत पाठवलं. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "भास्कर, पत्र टेबलाशी बसून वाचतात असं तुला वाटतं. स्टोअरवाला उभ्यानं वाचतो. एका हातात मालाचं चलन, कानाला फोन. त्याला एकच ओळ मिळते. ती कुठली द्यायची ते तू ठरव."

मला ते पटलं, पण पूर्ण नाही. चार दिवसांनी जेवताना मी तुम्हाला माझ्या वडिलांचं सांगितलं.

मी मुंबईत नवीन असताना चुलत्यांचा फोन आला होता : अण्णांची तब्येत जरा जास्त आहे, निघून ये. सकाळची गाडी पकडली. दहा तासांचा रस्ता. वाटेत एका थांब्यावर मी आजारी माणसासाठी म्हणून दोन किलो मोसंबी घेतली, निवडून निवडून, पातळ सालीची. गावात उतरलो तर दारात माणसं बसलेली. अण्णा सकाळीच गेले होते, चुलत्यांनी फोन केला त्याच्या आधी.

"म्हंजे फसवलं तुला," तुम्ही म्हणालात.

"नाही मॅडम. सांभाळलं. दहा तास माझे वडील जिवंत होते. मोसंबी घेताना मी चक्क खूश होतो."

"आनि मग?"

"मग ती मोसंबी आलेल्या बायकापोरांना वाटली."

तुम्ही डबा बंद केलात. मग तुमच्या वडिलांचं सांगितलंत, ते त्या एकदाच. आपला कारखाना जिथे उभा आहे त्या बाजूला तुमची भातशेती होती. जमीन जाणार अशी नोटीस आली ती दोन पानी. तुमच्या वडिलांनी ती चार शिकलेल्या माणसांकडून वाचून घेतली, आणि चौघांनी चार अर्थ सांगितले. "खरी गोष्ट दुसऱ्या पानावर होती, तळाला. ती समजेपर्यंत बाबांनी लावनी केली होती. गेलेल्या जमिनीत, भास्कर. रोज सकाळी जाऊन पानी बघायचे. मी बारा वर्षांची होते, मी भाकर न्यायचे तिथं." आणि मग म्हणालात, "तुझे दहा तास तुला गोड वाटतात. बाबांचा तो महिना मला अजून सहन होत न्हाय."

या दोन गोष्टींच्या पुढे आपलं भांडण कधी सरकलंच नाही. पत्रांच्या बाबतीत मी तुमचं ऐकलं. हळूहळू माझी सवयच झाली, कुठलाही कागद आला की पहिली ओळ बघायची आणि कामाला लागायचं. माणसांच्या बाबतीत मात्र मी माझ्या चुलत्यांच्या बाजूचा राहिलो. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, "तुझं ते मोसंबीचं मला पटत न्हाय, पन डोक्यातून जात पन न्हाय." मी म्हटलं, मग अर्धं पटलं. तुम्ही म्हणालात, कामाला लाग.

आता त्या शनिवारचं सांगतो.

तुम्ही आठवडाभर रजेवर होतात, घराचं रंगकाम काढलंय असं सांगून. मी न्हावा शेव्याच्या बंदरावर होतो. आपला कंटेनर यार्डात अडकला होता, टेस्ट सर्टिफिकेट कमी पडत होतं आणि खिडकीपलीकडचा माणूस जेवायला उठायच्या बेतात होता. मी तुम्हाला विचारलं, सर्टिफिकेट कुठे असेल. तुमचा मेसेज आला. पहिल्याच ओळीत उत्तर : निळ्या फाइलमध्ये, मागच्या कप्प्यात. फाइल माझ्याजवळच होती, मागच्या कप्प्यात खरंच होतं. पुढच्या तीन ओळी सोमवारच्या कामाच्या होत्या. त्याच्याखाली फोनने मेसेज दुमडून 'आणखी वाचा' असं दाखवलं होतं. मी अंगठा टाकला. कंटेनर सुटला. संध्याकाळी सानपाड्याला उतरून मी मजेत पावभाजी खाल्ली. रविवारी झोपलो, कपडे धुतले, आईशी फोनवर बोललो. दुमडलेलं उघडायचं मनातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी रुपालीचा फोन आला. तुमची लेक खरी तुमचीच. म्हणाली, "दादा, आई गेली. पहाटे, वाशीच्या हॉस्पिटलात. दहा वाजता घरून नेणार." सगळं एका दमात. मी ऑफिसच्या गेटशीच होतो. तुमचं काहीतरी बघावं म्हणून फोन उघडला, तुमच्या नावावर गेलो आणि तेव्हा ते दुमडलेलं उघडलं. कामाच्या आणखी पाच-सहा ओळींनंतर तळाला होतं :

'बाकी, सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखं नाही म्हणतात. माझा वाचायचा चष्मा टेबलाच्या वरच्या खणात राहिला आहे. जमलं तर रविवारी घरी आणून दे.'

खण उघडला. चष्मा होता. तो रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि तसाच तुमच्या मागे स्मशानापर्यंत चालत गेलो. कुणाला द्यायचा तेही कळेना. तुम्ही ते तीन दिवस हॉस्पिटलात चष्म्याशिवाय काढले असणार, समोरचा कागद वाचता आला नसेल, आणि ते माझ्यामुळे, असं डोक्यात बसलं. नऊ वर्षं ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांना मी शेवटी वाचण्यापुरतंही काही दिलं नाही.

बाराव्याला तुमच्या घरी, रुपालीला आणि तिच्या वडिलांना, भाऊंना, भेटायला आलो. गर्दी ओसरल्यावर रुपालीपुढे रुमाल धरला.

"हे काय दादा?"

"मॅडमनी मागवला होता. मला उशीर झाला."

तिने चष्मा उलटसुलट करून बघितला, आत गेली आणि दुसरा एक घेऊन आली. "हॉस्पिटलात हा होता तिच्याजवळ. पेपर वाचत होती ऑपरेशनच्या आदल्या रात्री, चुका काढत होती. तो ऑफिसातला जुना आहे. नंबर बदलून दोन वर्षं झाली. त्यातून तिला धड दिसायचं पण नाही."

"मग मागवला कशाला?"

"तुला बोलवायला, दादा. अजून कशाला?"

रुपालीने मग सांगितलं. मेसेज तुम्ही तिच्यासमोर लिहिलात. आधी ऑपरेशनची ओळ सर्टिफिकेटच्या उत्तराच्याही वर होती. मग तुम्ही ती काढून तळाला नेलीत. ती म्हणाली, आई, तूच सांगतेस ना, वाईट ते वर लिहायचं. त्यावर तुम्ही म्हणालात, "तो पोर्टवर हाय आज. घेऊ दे त्याला मोसंबी थोडा वेळ." हे सांगून रुपालीने मला विचारलं, मोसंबी म्हणजे काय रे दादा, मला समजलंच नाही. ते मी तिला नंतर सांगितलं.

जो प्रश्न घेऊन मी आलो होतो तो शेवटी विचारला. "माझा अंगठा आला तेव्हा मॅडम काय म्हणाल्या?"

"हसली. म्हणाली, वरचंच वाचलंय यानं. मी म्हटलं फोन लाव मग. नको म्हणाली, खिडकीवर उभा असेल, उद्या वाचेल."

"आणि रविवारी? वाट बघितली?"

तुमची लेक आहे ती. मऊ करून सांगितलं नाही. "बघितली. भाऊंना सकाळी जिताडं आणायला पाठवलं होतं. तिला खायला बंदी होती, तुझ्यासाठीच केलं. चार वाजेपर्यंत झाकून ठेवलं होतं, मग आम्ही हॉस्पिटलात निघालो."

खाडीचा मासा काट्यातून सोडवून खायला मला तुम्हीच शिकवलंत. मी त्या दिवशी सानपाड्याच्या माझ्या खोलीत बादलीत कपडे भिजवत होतो, आणि एक स्टेशन सोडून माझ्यासाठी जिताडं झाकून ठेवलेलं होतं.

मॅडम, मला तुमचा राग आला. हे लिहायला नको, पण खोडणार नाही. आख्खं आयुष्य सगळ्यांना सांगत आलात की जे हवं ते सरळ लिहा, निमित्तं लावू नका, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा जुना चष्मा पुढे केलात. 'भास्कर, मला भीती वाटते, येऊन जा.' सहा शब्द. मावशींनाही समजले असते. मी खिडकी, कंटेनर, सगळं टाकून आलो असतो. आणि माझ्यासाठी म्हणून जे तुम्ही तळाला नेलंत, ते नको होतं मला. माझे दहा तास माझे होते, अण्णा आधीच गेले होते म्हणून ते गोड होते. तुम्ही दिलेले हे पाच दिवस मला गिळता येत नाहीत. भांडण तुम्ही जिंकलात, असं मी कबूल करतो. फक्त जिंकताना माझी बाजू घेऊन हरलात कशाला ते मला कळत नाही.

नंतर राग उतरला. कारण मला आठवलं की मीही तेच केलं. नऊ वर्षांत तुमच्या घरी मी किती वेळा आलो? प्रत्येक वेळी हातात फाइल. सही राहिली, शिक्का राहिला, साहेबांनी विचारलंय. अण्णांच्या वर्षश्राद्धाला मला गावी जायला जमलं नव्हतं, तेव्हा मी तुमच्या दारात आलो होतो आणि म्हणालो होतो, स्टेपलरच्या पिना आहेत का. तुम्ही काही विचारलं नाहीत. जेवायला वाढलंत. पिना दिल्यात, त्या मी घेऊनही गेलो. तेव्हा तुम्ही माझा कागद तळापर्यंत वाचला होता, तुम्हाला काहीच न लिहिता.

ऑफिसात पद्धत चालू आहे. कालच एका नवीन मुलीने लिहिलेलं पत्र मावशींना वाचून दाखवलं. मावशींनी ऐकलं, ठीक आहे म्हणाल्या, आणि मग पदर डोळ्याला लावून बसल्या. त्या मुलीला वाटलं पत्रात काही चुकलं. मी तिला म्हटलं, पाठव, चांगलं आहे.

चष्मा रुपालीने मलाच ठेवायला सांगितला होता. मी घेतला नाही. तो तुमच्या घरातच बरा. निघताना ती म्हणाली होती, "ये दादा. निमित्त नको आता." मी हो म्हटलं, आणि आपण जसं हो म्हणतो तसंच म्हटलं.

पण या रविवारी मी आलो, मॅडम. पावण्याला उतरून गावात चालत आलो, रिकाम्या हाताने. भाऊ ओट्यावर सुकट निवडत बसले होते. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं.

"काय रे, ऑफिसचं काय राह्यलंय काय?"

"नाही भाऊ."

"मंग? काय काम काढलास?"

तोंडात सवयीने काहीतरी येत होतं. एखादी फाइल, एखादी किल्ली. ते मी गिळलं.

"काम नाही काही. मॅडमची आठवण येते, म्हणून आलो."

भाऊंनी खाली बघून दोन-चार काड्या निवडल्या, आणि आत वळून म्हणाले, "रुपाली, आनखी एक ताट घे गो."